रात्रीच्या नाटकात कॅमेरा फोकस धरत नाही? फ्लॅश न लावता करायचे उपाय

“दिवसा कॅमेरा एकदम झकास चालतो. रात्री नाटकात मात्र लेन्स नुसती घर्र घर्र पुढेमागे करत बसते, प्रवेश संपला तरी फोटो नाही.” सिंधुदुर्गात त्रिपुरी पौर्णिमेनंतर जत्रा आणि त्यांतली रात्रीची दशावतारी नाटकं सुरू झाली की ही तक्रार हमखास कानावर येते. सांगणाऱ्याच्या हातात बहुधा बऱ्यापैकी कॅमेरा असतो आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: नवी बॉडी (लेन्स सोडून नुसता कॅमेरा) घेऊ का? बहुतेकांना मी नको म्हणतो. कारण दुखणं सहसा बॉडीत नसतं.

फ्लॅशचं म्हणाल तर नाट्यगृहात प्रयोगाआधीच मनाई जाहीर होते. जत्रेत कोणी अडवत नाही, तरीही मारू नका. हातात तलवार घेऊन गिरकी घेणाऱ्या नटाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकवणं धोक्याचं आहे. शिवाय जरीच्या अंगरख्यावर समोरून पांढरा झोत पडला की रंगमंचावरचा सगळा उजेड-सावलीचा खेळ धुऊन जातो. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे ती वेगळ्या कारणासाठी, पण तिथेही खाली दिलेलं बरंचसं लागू पडतं. भिंत हलत नाही एवढाच काय तो दिलासा.

आधी बघा: फोकस गेलाय की फोटो हललाय?

निम्म्या लोकांची गाडी इथेच चुकते. फोटो पुसट आला की दोष फोकसच्या माथी मारला जातो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो शंभर टक्के मोठा करा आणि राजाच्या चेहऱ्याखेरीज इतर गोष्टी तपासा.

मागच्या पडद्यावर रंगवलेला महाल खणखणीत आणि राजा मऊ, तर कॅमेऱ्याने फोकस धरला होता, फक्त चुकीच्या जागी. मंचावरचं बाकडं स्वच्छ, राजाची कंबरही स्वच्छ, पण हात आणि तलवार फरपटलेली, तर फोकस बरोबर आहे आणि शटरचा वेग कमी पडलाय. बसून चाललेल्या संवादाला १/१२५ सेकंद पुरतं, युद्धाच्या प्रसंगाला १/५०० च्या आसपास लागतं. सगळी चौकटच एका दिशेने ओढल्यासारखी दिसत असेल, तर हात हललाय.

आणि चौथा प्रकार म्हणजे बटण दाबलं तरी क्लिकच झालं नाही. हा बिघाड नाही. एएफ-एस किंवा वन-शॉटमध्ये (एकदाच फोकस धरून थांबणारा ऑटोफोकस मोड) कॅमेरा ‘फोकस प्रायॉरिटी’वर चालतो, फोकस पक्का झाल्याशिवाय शटर सोडत नाही. एएफ-सी किंवा सर्व्होमध्ये (सतत फोकस बदलत राहणारा मोड) तो बहुधा फोकस नसतानाही क्लिक करतो. म्हणूनच “फोटोच निघत नाही” आणि “निघतात पण सगळे आउट” या दोन तक्रारी कित्येकदा एकाच दुखण्याच्या असतात, फरक फक्त मोडचा.

उजेड कमी पडतो, हे अर्धसत्य

समजा तुमचा फोटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००, एफ/२.८ (लेन्सचं तोंड, म्हणजे अ‍ॅपर्चर; आकडा लहान तितकं ते मोठं) आणि १/२०० सेकंदाला नीट उजळ आला. हे उजेडाच्या मापात साडेपाच ईव्हीच्या जवळ जातं. आता कॅननचा ६डी घ्या, २०१२ सालचा कॅमेरा. त्याचा मधला फोकस पॉइंट (चौकटीतली ज्या जागेवर कॅमेरा फोकस धरतो ती खूण) उणे ३ ईव्हीपर्यंत चालतो असं कंपनी सांगते. ईव्हीची एक पायरी म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. म्हणजे रंगमंचावरच्या नटाच्या उजळ चेहऱ्यावर कॅमेऱ्याच्या किमान गरजेपेक्षा आठ पायऱ्या जास्त उजेड आहे. तरीही लेन्स धावते, ती का?

फोकस करणाऱ्या यंत्रणेला नुसता उजेड दिसून भागत नाही. तिला काठ लागतो: काळ्याला लागून पांढरं, सावलीला लागून उजेड. फेज-डिटेक्ट पद्धतीत लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या दोन प्रतिमा एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. त्या किती सरकलेल्या आहेत यावरून लेन्स कुठे आणि किती फिरवायची ते कॅमेऱ्याला एका फटक्यात कळतं. ज्यावर काहीच खूण नाही अशा सपाट गालावर दोन्ही प्रतिमा सारख्याच कोऱ्या, मग ताडायचं काय? कॉन्ट्रास्ट-डिटेक्टमध्ये तर कॅमेऱ्याला दिशाही माहीत नसते. तो लेन्स पुढे नेऊन बघतो, मागे आणून बघतो, काठ कुठे जास्त तीक्ष्ण दिसतो ते शोधतो. ती घर्र घर्र म्हणजे हीच शोधाशोध.

यातच एक मोठा गैरसमज निकालात निघतो. आयएसओ वाढवल्याने डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या, फोकसला काडीची मदत होत नाही. तिथे फोकसचा सेन्सर वेगळा असतो, आरशाच्या खालच्या बाजूला, आणि त्याला तुमच्या आयएसओशी देणंघेणं नसतं. त्याला मिळणारा उजेड ठरतो लेन्सच्या सर्वात मोठ्या अ‍ॅपर्चरवरून, कारण डीएसएलआर फोकस करताना लेन्स पूर्ण उघडी ठेवतो. कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स ५५ मिमीला ओढली की ती एफ/५.६ होते. तीच जागा ५०-एक-पॉइंट-आठने (५० मिमी, एफ/१.८ च्या लेन्सने) घेतली तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो. बॉडी बदलायच्या आधी ही साधी, स्वस्त लेन्स घ्या असं मी म्हणतो ते यासाठी.

मिररलेसवाल्यांनी (ज्यांच्या कॅमेऱ्यात आरसा नसतो त्यांनी) इथे जरा सावध राहावं. काही मिररलेस कॅमेरे तुम्ही निवडलेल्या अ‍ॅपर्चरवरच फोकस करतात किंवा निदान काही मर्यादेपर्यंत लेन्स बंद करून घेतात. तुम्ही एफ/५.६ लावून बसलात की एफ/१.८ ची लेन्स असूनही फोकसला मिळणारा उजेड किट लेन्सइतकाच. तुमचा कॅमेरा तसा वागतो का, हे घरीच मंद दिव्यात बघून घ्या: एफ/१.८ ला पटकन धरतो आणि एफ/५.६ ला चाचपडतो, तर ओळखा.

फोकस पॉइंट नेमका कुठे ठेवायचा

चेहऱ्याच्या मध्यावर ठेवू नका. दशावतारातला चेहरा जाड रंगवलेला असतो, दिवा समोरून आला की गाल म्हणजे एकसारखा रंगाचा पट्टा. पॉइंट तिथे न्या जिथे दोन गोष्टी भेटतात: मुकुटाची कडा आणि कपाळ, काळी मिशी आणि ओठ, कानातलं आणि गालाची सावली. स्त्रीवेषातल्या नटाची नथ किंवा कपाळावरचं कुंकू याहून सोपी जागा नाही. मराठी व्यावसायिक नाटकात चष्म्याची फ्रेम आणि शर्टाची कॉलर हीच कामं करतात. डोळ्यापासून कॉलरचं अंतर फार नसतं, एफ/२.८ ला ते खपून जातं.

दशावतारातला राक्षस संकासुर हा सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक. काळा वेश, मागे अंधार, आणि अंगात एक क्षण स्थिर राहण्याचं नाव नाही. त्याच्या अंगावर पॉइंट धरला की लेन्स सुसाट सुटलीच म्हणून समजा. त्याच्या कपड्याची उजेडाकडची कडा धरा, म्हणजे मागच्या पडद्याशी जिथे काळी बाह्यरेषा सुटी दिसते ती. पण तिथे पॉइंट मोठा ठेवलात तर कॅमेरा खुशाल पडदाच धरेल. पडदा चांगला उजेडात असतो, त्यावर खांब, कमानी, वेलबुट्टी असते. कॅमेऱ्याच्या दृष्टीने तोच मुख्य नट. म्हणून रंगमंचावर ‘ऑटो एरिया’ किंवा रुंद झोन वापरू नये. एकच छोटा पॉइंट घ्या. अगदीच सुईसारखा नको, कारण तेवढ्यात एकही काठ मावला नाही तर पुन्हा तेच.

डीएसएलआर असेल तर शक्यतो मधलाच पॉइंट. बहुतेक मॉडेलांत तोच सर्वात संवेदनशील असतो, उभे-आडवे दोन्ही काठ ओळखणारा. कडेचे पॉइंट दिवसा ठीक, रात्री त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. मधल्याने फोकस लॉक करा, मग चौकट सरकवा.

मिररलेसमध्ये एक वेगळीच गंमत आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. बहुतेक मिररलेस सेन्सरवर फेज-डिटेक्टची तुलना डावी-उजवी होते. त्यामुळे उभे काठ त्यांना झटकन कळतात आणि आडव्या रेषांवर ते अडखळतात. (ओएम सिस्टमचा २०२२ चा ओएम-१ किंवा कॅननचा २०२४ चा आर१ यांसारखे दोन्ही दिशांना पाहणारे कॅमेरे मोजकेच.) दशावताराच्या रंगमंचावर आडव्या रेषांची रेलचेल असते. बाकड्याची फळी आडवी, साडीचा खालचा काठ आडवा, मंचाची कडा आडवी. फळीवर पॉइंट ठेवलात तर कॅमेरा चाचपडेल, बाकड्याच्या पायावर ठेवलात तर एका दमात धरेल. असा उभा काठ मिळतच नसेल तर कॅमेरा मनगटातून थोडा तिरपा करा, बटण अर्धं दाबून फोकस घ्या आणि अर्धं दाबलेलंच ठेवून कॅमेरा सरळ करा. कॅमेरा उभा धरला की सगळं उलट होतं, हेही ध्यानात असू द्या.

बाकड्याचा फायदा

दशावताराला लिखित संहिता नसते. संवाद तिथल्या तिथे रचले जातात, त्यामुळे कोण कधी कुठे वळेल याचा भरवसा नाही. पण एक गोष्ट रात्रभर जागची हलत नाही, ती म्हणजे मंचावरचं बाकडं. तेच सिंहासन, तीच शिळा, तोच राजवाडा. निम्मं नाटक त्या बाकड्यावर किंवा त्याच्या हातभर अंतरात घडतं. म्हणजे फोकस आधीच करून ठेवता येतो.

त्यासाठी फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या एएफ-ऑन बटणावर न्यायचा. मेनूमध्ये ही सोय जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यात असते. हे केलं की अंगठा दाबल्याशिवाय लेन्स जागची हलत नाही. बाकड्याच्या पायावर किंवा तिथे बसलेल्या नटाच्या मुकुटावर एकदा फोकस घ्या, अंगठा सोडा आणि नंतर फक्त क्लिक करत राहा. प्रवेश संपून अंधार झाला तरी कॅमेरा काळोखात फोकस हुडकत बसत नाही. दिवे आले की पहिला फोटो तुमचा.

यात फोकसची खोली, म्हणजे पुढेमागे स्वच्छ येणारी जागा, किती मिळते? लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स आणि बाकडं ५ मीटरवर असेल, तर एफ/१.८ ला साधारण ७० सेंटिमीटर जागा स्वच्छ येते. बसलेला माणूस गुडघ्यापासून पाठीपर्यंत तेवढ्यात बसतो. एफ/२.८ केलंत तर मीटरभराहून थोडी जास्त. मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिमी एफ/१.८ ला मात्र त्याच अंतरावर जेमतेम ३७ सेंटिमीटर उरतात, तिथे नट पुढे वाकला की पुन्हा अंगठा दाबावाच लागतो. पूर्ण मंच घ्यायचा तर फुल फ्रेमवर २४ मिमी, एफ/२.८ ठेवून ७ मीटरवर फोकस करा. साडेतीन मीटरपासून मागचं सगळं बऱ्यापैकी स्वच्छ येतं आणि ऑटोफोकसची गरजच उरत नाही.

एक खोच आहे. मिररलेसच्या बऱ्याच लेन्समध्ये फोकसची रिंग विजेवर चालते. कॅमेरा झोपी गेला किंवा बंद केला की आधी धरलेली जागा विसरली जाते. ऑटो पॉवर ऑफची वेळ वाढवून ठेवा आणि एक जादा बॅटरी खिशात असू द्या.

गुपचूप घात करणाऱ्या गोष्टी

दुपारी देवळाच्या आवारात फोटो काढताना लावलेला पोलरायझर फिल्टर रात्री लेन्सवर तसाच राहणं, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा फार जास्त वेळा आढळतो. तो एक ते दोन स्टॉप (म्हणजे ईव्हीच्या पायऱ्या) उजेड खातो. लेन्सची पोच वाढवणारा टेलिकन्व्हर्टर १.४एक्स असेल तर एक स्टॉप आणि २एक्स असेल तर दोन स्टॉप गेले. दोन्ही पिशवीत ठेवा.

सत्तर-दोनशे मिमीसारख्या लेन्सवर फोकस लिमिटरची (फोकसची फेरी मर्यादित करणारी) कळ असते. ती ‘फुल’वर असेल तर फोकस हुकल्यावर लेन्स अगदी जवळपासून अनंतापर्यंत सगळी सफर करून येते आणि तेवढ्यात प्रसंग संपतो. ती दूरच्या टप्प्यावर सरकवली की फेरी निम्म्यावर येते. फोकस त्याने जास्त अचूक होत नाही, पण चुकल्यावर सावरायला लागणारा वेळ वाचतो.

एएफ असिस्टचा, म्हणजे अंधारात फोकसला मदत म्हणून कॅमेरा स्वतः लावतो तो दिवा बंद करा. निकॉनच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तो एएफ-सीमध्ये लागतच नाही, त्याची पोच तीनेक मीटरची आणि लेन्सचं हूड लावलं की निम्मा उजेड हूडमध्येच अडकतो. मंचापर्यंत काही पोचत नाही, पुढच्या रांगेतले प्रेक्षक मात्र मान वळवून बघतात. कॅननच्या सुरुवातीच्या पातळीवरच्या डीएसएलआरमध्ये पॉप-अप फ्लॅश उघडा राहिला तर फोकससाठी तोच तडतड चमकतो. “फ्लॅश बंद आहे, तरी चमकतोय” ही तक्रार असते ती याचीच. पॉप-अप दाबून बसवा, शिवाय मेनूत असिस्ट बीम डिसेबल करा.

लाल-निळे दिवे आणि एलईडी

हल्ली जत्रेतही रंगीत एलईडी पार लाइट आले आहेत. राक्षस आला की मंच लालभडक, रात्रीचा प्रसंग की निळाशार. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर निम्मे पिक्सेल हिरव्याचे असतात, लाल आणि निळ्याच्या वाट्याला प्रत्येकी पाव. गर्द लाल उजेडात काम करणारा तुमचा सेन्सर पावच राहतो आणि मुकुट, कपाळ, अंगरखा सगळं एकाच छटेचं दिसतं. काठ गायब. डीएसएलआरमध्ये तर असा एकरंगी उजेड फोकस थोडा पुढेमागेही नेतो, कारण प्रत्येक रंग लेन्समधून किंचित वेगळ्या अंतरावर एकवटतो. यावर जालीम उपाय नाही. दिवा बदलायच्या आत, साध्या उजेडात फोकस घेऊन ठेवा आणि लाल प्रकाशात फक्त क्लिक करा. अंगठ्यावरचा फोकस इथे सोन्यासारखा उपयोगी पडतो.

पट्टे उमटत असतील तर तो फोकसचा दोष नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/५० किंवा १/१०० ला पट्टे सहसा जातात. त्याहून वेगवान शटर हवं तर सायलेंट मोड सोडा, यांत्रिक शटरवर या आणि अँटी-फ्लिकर चालू करा. चकचक फार असेल तर कॉन्ट्रास्ट पाहून होणारा फोकसही गोंधळतो, म्हणून याचा इथे उल्लेख.

घरचं कार्य असेल तर

गोंधळ, काकड आरती, लाइट गेल्यावरची हळद. इथे तुम्हाला बोलायला मिळतं, नाटकात मिळत नाही. कोणाला तरी मोबाइलचा टॉर्च भिंतीवर किंवा छताकडे मारायला सांगा, फोकस लॉक झाला की बंद. चेहऱ्यावर थेट नको. गोंधळात पेटत्या दिवटीवर फोकस घेऊ नका. ज्योतीचा काठ सतत हलतो आणि ती इतकी उजळ असते की कॅमेऱ्याला तिथे पांढऱ्या डागापलीकडे काही दिसत नाही. दिवटी धरलेला हात किंवा संबळाची कड धरा. लेझर पॉइंटर वापरायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, सेन्सर जळू शकतो आणि डोळेही.

एवढं करूनही जमत नसेल

एमएफवर, म्हणजे हाताने फोकस करण्यावर या. मिररलेसमध्ये फोकस पीकिंग (फोकसमधले काठ रंगवून दाखवणारी सोय) लाल रंगात लावा आणि पॉइंटची जागा मोठी करून बघा. स्क्रीन काळीकुट्ट दिसत असेल तर सेटिंगचा परिणाम दाखवणारा पर्याय बंद करा, म्हणजे दृश्य उजळ दिसेल. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये अंधारात हाताने फोकस करणं कठीण जातं. तिथे लाइव्ह व्ह्यू चालू करून बाकडं दहापट मोठं करा, फोकस घ्या आणि रिंगवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून टाका. झूम लेन्स असेल तर नंतर झूमला हात लावू नका, कित्येक झूम लेन्सचा फोकस त्याने सरकतो.

आता बॉडीचं. कॅननचा आर६ उणे ६.५ ईव्हीपर्यंत फोकस करतो हे खरं आहे, पण तो आकडा एफ/१.२ च्या लेन्सवरचा आहे. त्यावर एफ/४ ची लेन्स लावलीत तर अकरा पट कमी उजेड आत जातो, म्हणजे जवळजवळ साडेतीन पायऱ्या गेल्या, आणि तुम्ही उणे तीनच्या आसपास आलात. सोनीचा ए७ थ्री घेतलात तर त्याचा उणे ३ हा आकडा एफ/२ वरचा. दुकानात पत्रक वाचताना आकड्यापुढची ही बारीक अक्षरं आधी बघा. आणि हातात किट लेन्सच असेल तर एका जत्रेपुरती एफ/१.८ किंवा एफ/२.८ ची लेन्स भाड्याने आणून तुमच्या जुन्याच बॉडीवर लावून बघा. रात्रभर बाकड्यावरचे फोटो स्वच्छ आले, तर पैसे कुठे घालायचे ते तुम्हाला सकाळी कार्ड रिकामं करतानाच कळेल.